‘मॅड मॅक्स २’ : पोराला आधी हाच दाखवू ना?

कोपरीकर
मंडळी, घरात वाद चाललाय, निवाडा इथे मागतोय. पोराची दहावी संपली. या सुट्टीत ‘मॅड मॅक्स २’ हा सिनेमा दाखवणार असं मी त्याला सहावीपासून सांगून ठेवलंय. आता तो म्हणतो, जुना नको, आधी त्याच मालिकेतला नवा ‘फ्युरी रोड’ लावू, मित्रांनी तोच सांगितलाय. माझं म्हणणं, आधी १९८१ चाच.

कारण सांगतो. मी तेव्हा आठवीत, मराठी माध्यम. आमच्या कोपरीच्या चाळीत केबल नुकतीच आलेली आणि केबलवाला रात्री अकरानंतर इंग्रजी पिक्चर लावायचा. बाबांची पहिली पाळी, म्हणून टीव्हीचा आवाज जवळजवळ बंद. तशात हा लागला. इंग्रजी येत नव्हतं, आवाजही नव्हता, तरी सगळं समजलं. इंग्रजी सिनेमा शेवटपर्यंत समजल्याची माझी ती पहिली वेळ.

सुरुवातीलाच एक उलटलेली गाडी आहे, तिच्यातून पेट्रोल गळतंय. सिनेमाचा हिरो मॅक्स धावत जाऊन खाली भांडं धरतो, जमिनीवर सांडलेलं फडक्याने टिपतो आणि पिळून घेतो. मी सतरंजीवर उठून बसलो. कारण रेशनचं रॉकेल बाटलीत ओतून झालं की माझी आई नरसाळं तसंच बाटलीवर ठेवायची, शेवटचा थेंब उतरेपर्यंत. त्या माणसाला मी लगेच ओळखलं.

तर सांगा, आधी कुठला? आणि तुमचा आवडता प्रसंग कुठला?

कळवा_जलद
आधी दुसरा. यात विचारायचं काय?

नौपाड्याचे_काका
आमच्या वेळी केबलही नव्हती. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, असं एका रात्रीचं भाडं असायचं. वाडीतली दहा-बारा घरं वर्गणी काढायची. दोन हिंदी पिक्चर मोठ्यांच्या पसंतीचे आणि एक इंग्रजी आम्हा पोरांचा. तिसरी कॅसेट लागेपर्यंत पहाटेचे तीन वाजायचे, बायका-मुलं झोपून गेलेली असायची. त्या कॅसेटवर ‘रोड वॉरियर’ एवढंच लिहिलेलं. हा दुसरा भाग आहे हे मला पुढे कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. पहिल्याची उणीव कुठेही जाणवली नाही, हे विशेष.

आवडता प्रसंग: कुत्र्याच्या खाण्याचा डबा. मॅक्स चमच्याने खातोय, समोर तो गायरो (छोट्या हेलिकॉप्टरसारखं यंत्र) उडवणारा काटकुळा माणूस आशाळभूतपणे बघतोय. मॅक्स उरलेला डबा आधी कुत्र्यापुढे धरतो, माणसाचा नंबर त्यानंतर. कुणाची काय किंमत आहे ते एका डब्यात सांगून टाकलं.

फिल्लमबाज
काका, कॅसेटवरचं नाव बरोबरच होतं. अमेरिकेत तो १९८२ मध्ये ‘द रोड वॉरियर’ म्हणूनच लागला. तिथे १९७९ चा पहिला भाग फारसा कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे ‘दोन’ म्हणून उपयोग नव्हता. पहिल्याच्या तर ऑस्ट्रेलियन बोलीवर अमेरिकन आवाज चढवले होते.

कोपरीकर, आवाज बंद असून समजला याचं कारण आहे. अख्ख्या सिनेमात मॅक्स झालेल्या मेल गिब्सनच्या तोंडी मोजून सोळा-सतरा वाक्यं आहेत. दिग्दर्शक जॉर्ज मिलर मुळात डॉक्टर. सिडनीच्या रुग्णालयात अपघाताच्या केसेस बघितलेला माणूस. म्हणूनच त्याच्या सिनेमात गाडी आपटली की माणसाला लागतं. पहिल्या भागात मॅक्सच्या गुडघ्यात गोळी बसते, तर दुसऱ्यात त्याच पायाला लोखंडी पट्टा आहे आणि तो लंगडतो. पुढच्या भागात सगळं विसरून टुणटुणीत झालेले हिरो आपण किती पाहिलेत!

माझा आवडता प्रसंग शेवटाकडचा. धावत्या ट्रकच्या बॉनेटवर काडतूस पडलंय आणि ते आणायला मॅक्स वस्तीतल्या त्या रानटी पोराला काचेतून बाहेर पाठवतो. पोर पोटावर सरपटत जातं, बोटं काडतुसाला लागणार तेवढ्यात बॉनेटपुढून टोळीतल्या वेझचं तोंड वर येतं. हे चाळीस वेळा तरी पाहिलंय. एक्केचाळिसाव्या वेळीही मी मागे सरकेन.

गॅरेज_वागळे
आमच्याकडे गाडीवाले येतात त्यांतले निम्मे हा सिनेमा बघून गाडीच्या नादाला लागलेले. मॅक्सची काळी फोर्ड फाल्कन, एक्सबी मॉडेल, १९७३ ची. सुरुवातीला जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रांची मालिका चौकोनी पडद्यावर चालते. मग काळोख होतो, आणि त्या काळोखातून कॅमेरा मागे येऊ लागतो तेव्हा कळतं की आपण गाडीच्या ब्लोअरच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, तोंडात होतो. पडदा रुंद होतो, रस्ता दिसतो, इंजिन गर्जतं. बास. माझा प्रसंग तोच.

मॅक्स ब्लोअर बटणाने चालू-बंद करतो ते मात्र खऱ्या गाडीत होत नाही. तसला ब्लोअर पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असतो, इंजिन फिरलं की तो फिरणारच. शूटिंगच्या गाडीवरचा तर शोभेचाच होता. पण माझ्याकडे कामाला येणारं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात विचारतं, शेठ, असं बटण बसवता येईल का? मी त्यांना कधी हसलो नाही. मीही माझ्या उस्तादांना हेच विचारलं होतं.

वसुधा_नेरुळ
मी वेगळं मत मांडते. आधी ‘फ्युरी रोड’.

२०१५ च्या मे महिन्यात वाशीला पाहिला, बहिणीबरोबर. घाम गाळत गेलो होतो आणि बाहेर आल्यावर रिक्षात बसेपर्यंत दोघी एक शब्द बोललो नाही. त्यातली नायिका फ्युरिओसा ज्या तऱ्हेने स्टिअरिंग धरते तशी बाई मी पडद्यावर त्याआधी पाहिली नव्हती. दुसऱ्या भागात बायका आहेत, एक लढवय्यी तर जोरदार आहे, पण तिला करायला काय दिलंय?

आणि कोपरीकर, एक गोष्ट आई म्हणून सांगते. दुसऱ्या भागात एका जोडप्यावर टोळी हल्ला करते, त्यात बाईवर अत्याचार होतो. दिसतं थोडंच, पण काय चाललंय ते समजतं. पंधरा-सोळाच्या मुलाबरोबर बसणार असाल तर आधी स्वतः पुन्हा पाहून घ्या आणि त्यावर बोलायची तयारी ठेवा. रिमोट हातात घेऊन पुढे पळवू नका, त्याने मुलांना नको तेच जास्त लक्षात राहतं.

कोपरीकर
वसुधाताई, हे बरं केलंत. खरं सांगतो, तो प्रसंग माझ्या डोक्यातून पार गेला होता.

फिल्लमबाज
ताईंचा मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त तो प्रसंग कसा घेतलाय ते बघा. मॅक्स लांब डोंगरावर आहे आणि दुर्बिणीतून बघतोय, आपणही तेवढंच बघतो. तो उठत नाही. सगळं उरकल्यावर खाली जातो आणि मरायला टेकलेल्या माणसाशी पेट्रोलचा सौदा करतो, तुला तुझ्या लोकांपर्यंत पोचवतो, मला टाकीभर द्या. हा आपला हिरो! तिथून शेवटपर्यंत त्याला किती अंतर कापायचंय ते मिलरने तिथेच दाखवून ठेवलंय. मुलाशी बोलायचं असेल तर यावर बोला: तो उठला का नाही?

ऐरोलीकर_८
सगळ्यांचा राग ओढवून घेतो, पण मला हा सिनेमा कधीच भिडला नाही. गोष्ट दोन ओळींची. तेलाच्या विहिरीभोवती चांगली माणसं, बाहेर वाईट माणसं, मधे एक गप्प माणूस. चांगल्यांचे कपडे पांढरे, वाइटांचे काळे. कुणाचंही मागचं-पुढचं काही कळत नाही. दीड तास गाड्या पळतात.

कळवा_जलद
दीड तास गाड्या पळतात, एकदाही सिग्नल लागत नाही. घोडबंदरवर राहणाऱ्याला याहून सुंदर स्वप्न कुठलं?

नौपाड्याचे_काका
ऐरोलीकर, मागचं-पुढचं सांगितलेलं आहे, फक्त बोलून नाही. मॅक्सला जो ट्रक सापडतो त्याच्या मेलेल्या ड्रायव्हरच्या हातात एक इवलंसं वाद्य असतं, दांडी फिरवली की वाढदिवसाचं गाणं वाजणारं. मॅक्स ते फिरवतो आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. ज्याने पहिला भाग पाहिलाय त्याला त्याचं मेलेलं पोर आठवेल. ज्याने नाही पाहिला त्यालाही एवढं कळेल की या माणसाच्या घरी कधीतरी वाढदिवस झालाय. मग तेच वाद्य तो रानटी पोराला देतो. याला गोष्ट नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

ऐरोलीकर_८
काका, हे वाद्य माझ्या लक्षातच नव्हतं. पुन्हा बघेन. कपड्यांचं मत मात्र कायम.

शब्दवेडी
थोडं विषयांतर. या जातीच्या सिनेमांना मराठीत काय म्हणायचं? प्रलयोत्तर? विनाशोत्तर? प्रलय म्हटलं की पाणी डोळ्यांपुढे येतं आणि इथे तर थेंब नाही.

गॅरेज_वागळे
‘सगळं संपल्यावरचे पिक्चर’. आमच्याकडे असंच म्हणतात.

वसुधा_नेरुळ
शब्दवेडी, मला वाटतं ‘टंचाई’ हा आपला शब्द आहे. एक गोष्ट संपते आणि माणसं कशी वागतात ते दिसतं, एवढंच या सिनेमांत असतं. २०२४ च्या जानेवारीत ट्रक-टँकरवाल्यांचा संप झाला होता, आठवतोय? नव्या कायद्यातल्या हिट-अँड-रनच्या शिक्षेविरुद्ध. दोन दिवसही धड चालला नाही. तेवढ्यात आमच्याकडे पंपाची रांग रस्त्यावर आली होती. माझ्यापुढे एक आजोबा स्कूटर ढकलत होते, चालू करून पुढे घ्यायचीही त्यांची तयारी नव्हती, तेवढं पेट्रोल जळेल म्हणून. मागून एक गाडी मधे घुसली आणि एरवी एकमेकांना दादा-दादा करणारी माणसं बाह्या सरसावून उभी राहिली.

तुर्भे_नाका
बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. वसुधाताईंनी टँकरचं काढलं म्हणून.

माझ्या वडिलांनी तेहतीस वर्षं टँकर चालवला. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, सगळं. ठाणे-बेलापूर रस्ता, शिळफाटा, कळंबोली, त्यापुढे घाट. त्यामुळे हा सिनेमा मी त्या टँकरसाठी बघतो. टँकर उलटवायचा प्रसंग घेताना चालवायला खरा ट्रकवाला बसवला होता, आणि त्याला आधी बारा तास काही खाऊ दिलं नव्हतं, न जाणो ऑपरेशन करायची वेळ आली तर. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, पैसे बरे दिले असतील ना रे त्याला?

आता माझी तक्रार. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढे वाचू नका.) शेवटी मॅक्स चालवत असलेला टँकर उलटतो आणि त्यातून वाळू बाहेर येते. पेट्रोल बाकीच्या गाड्यांत लपवून लोक दुसऱ्या वाटेने निघून गेलेले असतात. सगळे म्हणतात, काय डोकं लावलंय! मला दरवेळी वाईट वाटतं. ड्रायव्हरला सांगितलं नाही. वडील बिल्टी (गाडीतल्या मालाचा कागद) वाचल्याशिवाय गाडी जागची हलवत नसत. आत काय आहे हे ठाऊक असणं हा ड्रायव्हरचा हक्क आहे, कारण मरायची वेळ आली तर तोच मरणार. टँकरवर चढून लढलेल्यांना तरी ठाऊक होतं का, तेही सिनेमा सांगत नाही. मॅक्स ओंजळीत वाळू धरतो आणि किंचित हसतो. ते हसू मला अजून समजलेलं नाही.

फिल्लमबाज
तुर्भे_नाका, इतकी वर्षं हा सिनेमा डोक्यावर घेऊन फिरतोय, पण हे ड्रायव्हरच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. धन्यवाद.

हसण्याबद्दल मला वाटतं: तो सौदे करणारा माणूस आहे आणि कुणीतरी त्याच्याहून पक्का सौदा केला, याची ती दाद आहे. शिवाय टँकर मी चालवतो असं तो स्वतःहून म्हणाला होता, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

वसुधा_नेरुळ
स्वतःहून म्हणजे? गाडी गेली, कुत्रा गेला, डोळा सुजून बंद, अंगाची चाळण झालेली. त्याच्याकडे दुसरं उरलं काय होतं? त्याला मी चांगुलपणा म्हणणार नाही. ‘फ्युरी रोड’मध्ये तो सोबत राहायचं ठरवतो तेव्हा त्याच्याकडे मोटरसायकल आहे, पाणी आहे, जायला वाट मोकळी आहे. तरी मागे वळतो. म्हणून मला तो भाग मोठा वाटतो.

फिल्लमबाज
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. मुद्दा पक्का आहे.

फक्त एक दुवा जोडतो, दोन्ही बाजूंना आवडेल. दुसऱ्या भागात एक स्टंटवाला मोटरसायकलवरून उडतो, बग्गीला आपटतो आणि हवेत गरागरा फिरत जातो. ते तसं ठरलेलं नव्हतं, त्याला खरंच लागलं, आणि तोच तुकडा सिनेमात ठेवलाय. त्याचं नाव गाय नॉरिस. चौतीस वर्षांनी ‘फ्युरी रोड’च्या सगळ्या स्टंटचा प्रमुख तोच होता. ‘फ्युरी रोड’ही खरं तर ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिललाच करायचा होता, दुसरा भाग जिथे झाला तिथेच. पण पाऊस इतका झाला की वाळवंटात फुलं उमलली, आणि मग सगळा बारदाना नामिबियाला गेला. जमवलेल्या ४८० तासांच्या चित्रणातून संकलक मार्गारेट सिक्सेलने दोन तासांचा सिनेमा काढला आणि ऑस्कर नेलं. त्या सिनेमाला एकूण सहा मिळाली.

शब्दवेडी
वाळवंटात फुलं आली म्हणून सिनेमा अडला! हे मला आवडलं.

गॅरेज_वागळे
तुर्भे_नाका भाऊ, एक हिशेब करा ना. वाळूने भरलेला टँकर त्या ट्रकला ओढवेल का? पेट्रोल हलकं असतं.

तुर्भे_नाका
केलाय हिशेब. पेट्रोलचं लिटरला पाऊण किलोच्या आसपास धरा, सुक्या वाळूचं दीड-पावणेदोन किलो. म्हणजे वीस हजार लिटरच्या टाकीत पेट्रोल असेल तर माल साधारण पंधरा टन, आणि गळ्यापर्यंत वाळू असेल तर तीस टनांच्या वर. दुपटीहून जास्त. त्यांनी पूर्ण भरली नसेल. तो मॅक ट्रक दणकट आहे, ओढेल, पण फरक खूप पडेल.

कोपरीकर
काल रात्री पाहिला. आधी दुसराच. वसुधाताईंचं ऐकून परवा मी एकटा बसून पाहून घेतला होता.

दुर्बिणीच्या प्रसंगाला पोराने स्वतःच थांबवला आणि विचारलं, “बाबा, हा जात का नाहीये?” मी म्हटलं, तुला काय वाटतं? म्हणाला, “एकटा आहे. पण जायला पाहिजे होतं.” मग त्यानेच परत चालू केला. त्यावर आम्ही झोपताना पुन्हा बोललो, बराच वेळ.

कुत्रा गेला तेव्हा तो उठून पाणी प्यायला गेला आणि जरा उशिराच आला. वाळू बाहेर आली तेव्हा ओरडला. आणि गोष्ट सांगणारा म्हातारा आवाज म्हणजे तेच रानटी पोर, हे कळल्यावर त्याने सुरुवातीची पाच मिनिटं लगेच पुन्हा लावली. मी आठवीत असताना आवाज बंद होता, त्यामुळे तो म्हातारा बोलतोय हेच मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. काल पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसून नीट ऐकलं.

‘फ्युरी रोड’ येत्या रविवारी. तुर्भे_नाका, तुमची बिल्टीची गोष्ट त्याला सांगितली. तो तुमच्या बाजूने आहे.

वसुधा_नेरुळ
मुलाला माझा आशीर्वाद सांगा. रविवारचं कळवा.

तुर्भे_नाका
कोपरीकर दादा, वाचून फार बरं वाटलं. माझ्याकडे पण एक सांगायचं आहे.

धाग्यावरचा हिशेब मी काल वडिलांना वाचून दाखवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू थोडं कमी येतं. शेवटची पंधरा-वीस मिनिटं त्यांना मोबाईलवर दाखवली. अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिली. मी म्हटलं, अण्णा, याला फसवलं ना? वाळू आहे हे सांगितलंच नाही. तर म्हणाले, “त्याला पहिल्या गिअरलाच कळलं असणार. पेट्रोलची गाडी हिंदकळते. ब्रेक मारला की माल मागून ढकलतो, वळणावर अंगावर येतो. वाळू गप्प बसते. पोटाखाली काय आहे ते बुडाला कळतं रे, कागद लागत नाही.”

मी म्हटलं, मग तुम्ही बिल्टी का वाचायचात? म्हणाले, “ती मालकाला दाखवायला.”

गॅरेज_वागळे
पण अण्णांना विचारा, मॅक्सने आधी नुसतं ट्रकचं तोंड आणलं होतं, टाकी जोडून चालवली कुठे होती? भरलेली कशी चालते हे त्याला ठाऊकच नाही, मग फरक कसा कळणार?

तुर्भे_नाका
विचारलं. म्हणाले, हिंदकळत नाही एवढं कळायला आधी चालवायला लागत नाही.

नौपाड्याचे_काका
अण्णांना नमस्कार सांगा. म्हणजे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो चालवत राहिला? मग ते हसू वेगळंच झालं की.

फिल्लमबाज
वसुधाताई, तुमच्या मुद्द्याचंही मग पुन्हा बघावं लागेल.

वसुधा_नेरुळ
बघू या. मला अण्णांचं पटतंय, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही.

कोपरीकर
पोराला आत्ता हाक मारून वाचून दाखवलं. रविवारपर्यंत थांबायला तयार नाही, आज रात्रीच परत लावू म्हणतो. फाटकातून बाहेर पडताना मॅक्स पहिला गिअर टाकतो, तिथपासून.